बेसबॉलची पुस्तके आणि संग्राह्य वस्तू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉलच्या जुन्या पुस्तकांविषयी आणि कार्ड, चेंडू, स्वाक्षऱ्या, तिकिटे अशा वस्तूंविषयी मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. विचारणाऱ्यांमध्ये अमेरिकेत स्थायिक होऊन मुलांबरोबर हा खेळ शिकलेले पालक आहेत, तसेच पुण्या-मुंबईत पहाटे उठून सामने पाहणारे तरुणही आहेत. उत्तरे एका चाहत्याची आहेत, त्यामुळे भाव किती वाढेल यापेक्षा वस्तू खरी आहे का आणि ती काय सांगते, याकडे त्यांचा कल अधिक आहे.

मी क्रिकेट पाहत मोठा झालो. सुरुवात पुस्तकांपासून करावी की वस्तूंपासून?

पुस्तकांपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. कार्डावरचा खेळाडू कोण होता, तो कोणत्या संघात आणि कोणत्या काळात खेळला, त्याच्या वाट्याला काय आले, हे ठाऊक नसताना घेतलेले कार्ड लवकरच कपाटात मागे पडते. शिवाय ज्याने वाचलेले नाही त्याला बनावट वस्तू ओळखता येत नाही, कारण बनावट वस्तू बहुतेक वेळा इतिहासाच्या तपशिलातच उघडी पडते. याची उदाहरणे पुढे येतील.

क्रिकेटची जाण येथे अडचण ठरत नाही, उलट उपयोगी पडते. बेसबॉलच्या वार्तांकनाचा पाया ज्यांनी घातला ते हेन्री चॅडविक १८२४ साली इंग्लंडमधील एक्सेटर येथे जन्मले आणि न्यूयॉर्क परिसरात क्रिकेटचे वार्ताहर म्हणून काम करत होते. क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर त्यांनी बेसबॉलचा ‘बॉक्स स्कोअर’ घडवला, आणि तीन स्ट्राइक होऊन बाद झालेल्या (स्ट्राइकआउट) फलंदाजासाठी ‘के’ हे अक्षर लिहिण्याची पद्धतही त्यांच्याच नावावर आहे. वर्तमानपत्रातला धावफलक डोळ्यांखालून घालून सामना मनासमोर उभा करण्याची सवय ज्यांना लहानपणापासून आहे, त्यांना बॉक्स स्कोअर वाचायला एक दुपार पुरते.

आधी कोणती पुस्तके वाचावीत?

यादी फार लांबवता येईल. मी मात्र मोजकीच नावे देतो आणि प्रत्येक पुस्तक संग्रहाकडे कसे नेते तेही सांगतो.

पहिले पुस्तक लॉरेन्स रिटर यांचे ‘द ग्लोरी ऑफ देअर टाइम्स’, १९६६. रिटर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. १९६१ साली जुन्या काळातील महान खेळाडू टाय कॉब यांचे निधन झाल्यावर, विसाव्या शतकाच्या आरंभीचे खेळाडू आता झपाट्याने जात आहेत हे त्यांच्या लक्षात आले. मग ध्वनिमुद्रक घेऊन ते देशभर हिंडले, हयात असलेल्या म्हाताऱ्या खेळाडूंना शोधून काढले आणि त्यांना बोलू दिले. सॅम क्रॉफर्ड, रूब मार्क्वार्ड, फ्रेड स्नॉडग्रास, ‘स्मोकी’ जो वुड असे खेळाडू या पुस्तकात स्वतःच्या तोंडाने बोलतात. १९१२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेत) सोपा झेल सुटला म्हणून आयुष्यभर त्या एका चुकीसाठी ओळखला गेलेला स्नॉडग्रास त्या दिवसाविषयी काय सांगतो, हे वाचताना खेळ ही किती क्रूर आणि किती सुंदर गोष्ट असू शकते हे कळते. यांपैकी क्रॉफर्ड, मार्क्वार्ड आणि स्नॉडग्रास १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून मिळणाऱ्या टी२०६ या कार्डांवरही आहेत. पुस्तकात ज्याचा आवाज ऐकला, त्याच माणसाचे तरुणपणीचे, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापलेले चित्र हातात घेता येते. माझ्या दृष्टीने या छंदाचे सगळे मर्म यात आले.

दुसरे जिम बाउटन यांचे ‘बॉल फोर’, १९७०. १९६९ च्या हंगामात सिएटल पायलट्स आणि नंतर ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघांकडून खेळताना बाउटन यांनी ही रोजनिशी लिहिली. ड्रेसिंग रूममधील भाषा, उत्तेजक गोळ्या, मद्य, करारांमधील कंजुषी हे सारे त्यांनी उघड केल्यामुळे बेसबॉलचे तत्कालीन आयुक्त बोवी कून संतापले आणि पुस्तकातील मजकूर खोटा आहे असे बाउटन यांनी लिहून द्यावे म्हणून त्यांनी दबाव आणला. बाउटन यांनी नकार दिला. पायलट्स हा संघ सिएटलमध्ये एकच हंगाम टिकला आणि १९७० मध्ये मिलवॉकीला जाऊन ब्रूअर्स झाला. त्यामुळे त्या एका वर्षाची कार्यक्रमपत्रिका, तिकीट किंवा टोपी यांना जी मागणी आहे, तिच्यात या पुस्तकाचा वाटा मोठा आहे.

तिसरे रॉजर कान यांचे ‘द बॉइज ऑफ समर’, १९७२. कान १९५२ आणि १९५३ या हंगामांत न्यूयॉर्कच्या ‘हेरल्ड ट्रिब्यून’साठी ब्रुकलिन डॉजर्सचे वार्तांकन करत होते. पुढे मध्यमवयीन झालेल्या त्याच खेळाडूंना ते एकेक करून भेटायला गेले. जॅकी रॉबिन्सन, रॉय कॅम्पनेला, पी वी रीस या सगळ्यांची कार्डे टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या संचात आहेत, हा योग संग्राहकांच्या पथ्यावर पडला आहे.

चौथे रॉबर्ट पीटरसन यांचे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’, हेही १९७० चे. वर्णभेदामुळे मुख्य लीगच्या बाहेर ठेवलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंचा आणि त्यांच्या निग्रो लीगचा इतिहास त्यात आहे. १९७१ मध्ये त्यांतील सॅचेल पेज यांना हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मान-दालनात स्थान मिळाले, आणि डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मुख्य लीगचा दर्जा देण्यात आला. या खेळाडूंची त्या काळातील अमेरिकी कार्डे जवळजवळ नाहीतच, कारण च्युइंगम आणि सिगारेट कंपन्यांनी ती छापलीच नाहीत. जॉश गिब्सन किंवा ऑस्कर चार्ल्सटन यांची जुनी कार्डे शोधायची तर पोर्टो रिको आणि क्युबा येथील संचांकडे वळावे लागते. संग्रहातली ही मोकळी जागा बरेच काही बोलून जाते.

१९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील लाचप्रकरण समजून घ्यायचे असेल, तर एलियट अ‍ॅसिनॉफ यांचे १९६३ चे ‘एट मेन आउट’ वाचावे. मात्र त्यातील काही संवाद आणि प्रसंग लेखकाने रचलेले आहेत आणि नंतरच्या संशोधकांनी अनेक तपशील दुरुस्त केले आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचावे.

आकडेवारीची जुनी पुस्तके आता संगणकामुळे निरुपयोगी झाली आहेत का?

माहितीसाठी त्यांची गरज उरलेली नाही, हे खरे आहे. तरीही १९६९ साली मॅकमिलनने काढलेला ‘बेसबॉल एन्सायक्लोपीडिया’ माझ्या टेबलावर असतो. त्याची पाने २,३०० हून अधिक आहेत, आणि मुख्य लीगमध्ये एकच सामना खेळलेल्या माणसालाही त्यात स्वतःची ओळ मिळाली आहे. बिल जेम्स यांची १९७७ पासूनची ‘बेसबॉल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ वार्षिके ही निराळीच गोष्ट आहे. कॅन्ससमधील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करताना जेम्स यांनी ती लिहिली आणि सुरुवातीची काही वर्षे स्वतःच छापून टपालाने विकली. १९८२ पासून मोठा प्रकाशक मिळाला, त्यामुळे तेव्हापासूनचे अंक सहज सापडतात. त्याआधीचे अंक साध्या कागदावरचे आणि फार थोडे असल्याने क्वचितच विक्रीला येतात.

पहिली आवृत्ती कशी ओळखावी?

शीर्षकपानाच्या मागचे पान आधी पाहावे. अनेक प्रकाशक तेथे पहिल्या आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख करतात. अलीकडच्या दशकांतील पुस्तकांत अंकांची एक ओळ असते आणि तिच्यात १ हा अंक शिल्लक असेल तर छपाई बहुधा पहिली असते. अमेरिकी पुस्तकांत खरा धोका बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी स्वस्तात छापलेल्या, प्रतींचा असतो. त्या बाहेरून हुबेहूब दिसतात, पण वेष्टनाच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसते, कागद हलका असतो आणि पुष्कळदा मागच्या पुठ्ठ्यावर खालच्या कोपऱ्यात एक लहानसा दाबलेला ठसा असतो. घडीचा कोपरा कात्रीने कापलेला असेल तर किंमत मुळात होती की नव्हती हे कळत नाही, म्हणून अशा प्रतीला कमी मोल द्यावे.

विसाव्या शतकातील पुस्तकांचे निम्म्याहून अधिक मोल त्या कागदी वेष्टनातच असते. त्यामुळे जुन्या प्रतीला नवे, रंगीत छायाप्रतीचे वेष्टन चढवून विकणारेही आढळतात. वेष्टनाची पाठ आणि पुस्तकाची पाठ यांवर उन्हाचा परिणाम एकमेकांशी जुळतो का, हे ताडून पाहावे. दुसऱ्याच पुस्तकावरून आलेले वेष्टन तेथेच पकडले जाते.

वाचण्यासाठी मात्र साधी पेपरबॅक प्रत घ्यावी. पहिली आवृत्ती वाचून झिजवण्यात काही शहाणपण नाही, आणि न वाचता जपण्यात तर अजिबात नाही.

होनस वॅग्नर यांचे टी२०६ कार्ड इतके महाग का?

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांत पांढऱ्या कडांची रंगीत कार्डे घातली. पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाइकाला पुढचे पाकीट घ्यावेसे वाटावे, असे दोन्ही हेतू त्यामागे होते. संपूर्ण संच सुमारे ५२४ कार्डांचा मानला जातो. पिट्सबर्गचे शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधले क्षेत्ररक्षक) होनस वॅग्नर यांचे कार्ड मात्र छपाई सुरू झाल्यावर लवकरच थांबवण्यात आले. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू विकत घ्यावी हे त्यांना मान्य नव्हते असे एक कारण सांगतात, तर आपले चित्र वापरण्याचा मोबदला त्यांना हवा होता असे दुसरे सांगतात. ते स्वतः तंबाखू खात असत आणि त्याआधी सिगारच्या जाहिरातीत त्यांचे चित्र वापरले गेले होते, म्हणून पहिल्या कारणावर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. कारण काहीही असो, आज साधारण ५० ते ६० प्रतीच ज्ञात आहेत, आणि २०२२ मध्ये त्यांपैकी एक प्रत ७२.५ लाख डॉलरला विकली गेली.

या कार्डाची सर्वांत प्रसिद्ध प्रत १९९१ मध्ये आइस हॉकीचे खेळाडू वेन ग्रेट्झ्की यांनी एका भागीदारासह ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतली होती. तिचे कोपरे धारदार होते आणि कडा अविश्वसनीय वाटाव्यात इतक्या सरळ होत्या. लिलावदार बिल मॅस्ट्रो यांनी त्या कडा आपण कापल्या होत्या, अशी कबुली २०१३ मध्ये न्यायालयात दिली. फाटक्या कोपऱ्याचे प्रामाणिक कार्ड मला या देखण्या कार्डापेक्षा कितीतरी प्रिय वाटते.

टी२०६ जवळून पाहायचे असेल तर वॅग्नरची गरज नाही. माझ्याजवळ सॅम क्रॉफर्ड यांचे, चेंडू फेकण्याच्या पवित्र्यातले कार्ड आहे. आकार सुमारे ३.७ बाय ६.७ सेंटिमीटर, म्हणजे तळहातावर सहज मावेल एवढा. कोपरे गोल झाले आहेत आणि पांढरी कड दुधाळ पिवळी पडली आहे. खाली तपकिरी शाईत आडनाव आणि डेट्रॉइट एवढीच अक्षरे आहेत. मागे निळ्या शाईत पीडमाँट सिगारेटची जाहिरात असून ‘बेस बॉल’ हे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दोन सुटे शब्द म्हणून छापले आहे. भिंगातून पाहिले तर चेहऱ्याचा रंग एकावर एक दाबलेल्या शिळाछापाच्या थरांतून उमटलेला दिसतो. मागे जाहिरात कोणत्या सिगारेटची आहे, यावरही या संचात किंमत बदलते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या जाहिराती सर्वाधिक आढळतात, म्हणून नवख्याने तेथूनच सुरुवात करावी.

आणि १९५२ चे मिकी मँटल?

न्यूयॉर्क यांकीजचे फलंदाज मिकी मँटल यांच्या टॉप्स कंपनीच्या या कार्डाच्या एका अत्युत्तम प्रतीला ऑगस्ट २०२२ मध्ये १.२६ कोटी डॉलर मिळाले. पण येथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. हे मँटल यांचे पहिले कार्ड नव्हे. पहिले कार्ड १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढले होते. शिवाय हे आपल्या मालिकेतील सर्वांत दुर्मीळ कार्डही नव्हे, कारण छपाईच्या तक्त्यावर मँटल, रॉबिन्सन आणि बॉबी थॉमसन ही तीन कार्डे दोनदा घेतलेली होती.

मग एवढे मोल कशामुळे आले? ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीसाठी साय बर्गर यांनी ४०७ कार्डांचा हा संच आखला. त्यात मोठे रंगीत चित्र, संघाचे चिन्ह, खेळाडूची छापील स्वाक्षरी, मागे गेल्या वर्षाचे आणि एकूण कारकिर्दीचे आकडे असे सारे एका ठिकाणी आले, आणि पुढची कित्येक दशके बेसबॉल कार्ड म्हणजे काय हे याच संचाने ठरवले. ३११ ते ४०७ क्रमांकांची शेवटची मालिका हंगाम संपत आला असताना दुकानांत पोहोचली आणि पडून राहिली. न खपलेल्या पेट्या कित्येक वर्षे गोदामात अडकून होत्या. अखेर १९६० च्या सुमारास बर्गर यांनी त्या बोटीतून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडे नेऊन अटलांटिक महासागरात बुडवल्या. त्या मालिकेचा पहिला क्रमांक मँटल यांचा होता.

याच संचातील क्रमांक १, डॉजर्सचे अँडी पॅफ्को, हे मला अधिक शिकवणारे कार्ड वाटते. मुले क्रमाने लावलेल्या गठ्ठ्याला रबरबँड लावत, त्यामुळे सर्वांत वरचे कार्ड दबले, झिजले आणि दुमडले. साहजिकच पॅफ्को चांगल्या स्थितीत मिळणे अवघड असते.

नातेवाइकांच्या तळघरात १९८८ ते १९९२ मधील कार्डांची खोकी सापडली आहेत. त्यांचे काय होईल?

अमेरिकेतील मराठी घरांमधून हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि उत्तर बहुतेकांना निराश करते. त्या वर्षांत लोकांनी गुंतवणूक म्हणून कार्डे साठवली आणि कंपन्यांनीही वारेमाप छापली. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे टंचाई निर्माणच झाली नाही. १९८९ च्या अपर डेक संचातील पहिल्या क्रमांकाचे केन ग्रिफी ज्युनिअर यांचे कार्ड आजही प्रेमाने घेतले जाते, पण तेही फक्त निर्दोष स्थितीत चांगला भाव मिळवते. बाकीची कार्डे मुलांना द्यावीत. नावे आणि संघ पाठ करायला, आपसांत अदलाबदल करायला त्यांच्याइतके चांगले साधन नाही.

कार्ड प्रमाणित करून घेणे आवश्यक आहे का?

महागड्या कार्डासाठी होय, साध्या कार्डासाठी नाही. पीएसए, एसजीसी, बेकेट यांसारख्या संस्था कार्ड तपासून १ ते १० गुण देतात आणि ते कठीण प्लास्टिकच्या सीलबंद आवरणात बंद करतात. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र कागदाच्या मध्यभागी आहे की नाही, हे पाहून गुण ठरतात. मात्र ग्रेट्झ्की यांच्या वॅग्नर कार्डालाही पीएसएचे ८ गुण मिळाले होते, हे विसरू नये. शिवाय आता आवरणेही बनावट निघू लागली आहेत. म्हणून आवरणावरील क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीत शोधावा आणि तेथे छायाचित्र असेल तर त्यातील डाग आणि ओरखडे हातातील कार्डाशी ताडून पाहावेत.

जुन्या कार्डाचे पुनर्मुद्रण घरच्या घरी ओळखता येते का?

बऱ्याच वेळा येते. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे आणि छापील अक्षरे व काळ्या रेषा पाहाव्यात. १९५० च्या दशकातील मूळ कार्डांवर त्या सलग शाईच्या असतात, तर छायाचित्रावरून केलेल्या नकलेत अक्षरेही बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. आकारही मोजावा. टॉप्सची १९५२ ते १९५६ मधील कार्डे २ ५/८ बाय ३ ३/४ इंचांची होती आणि आज रूढ असलेला अडीच बाय साडेतीन इंचांचा आकार १९५७ पासून आला. ‘१९५२ चे’ म्हणून दाखवलेले कार्ड आजच्या प्लास्टिकच्या पाकिटात नेमके बसले, तर तेथेच थांबावे. त्याच वर्षाचे एखादे स्वस्त, सामान्य खेळाडूचे अस्सल कार्ड तुलनेसाठी जवळ ठेवावे. कागदाची जाडी आणि मागच्या बाजूचा पोत बोटांना जितका लवकर कळतो तितका वर्णन वाचून कळत नाही.

बेब रूथ यांची स्वाक्षरी असलेला चेंडू विकत घ्यावा का?

कागदपत्रांशिवाय कधीही घेऊ नये. रूथ यांनी आयुष्यभर उदारपणे स्वाक्षऱ्या दिल्या, त्यामुळे खऱ्या स्वाक्षऱ्या पुष्कळ आहेत. पण मागणी त्याहून मोठी आहे आणि बनावट स्वाक्षऱ्याही तितक्याच जुन्या आहेत. येथे इतिहासाचे वाचन थेट कामी येते. अधिकृत चेंडूवर त्या त्या लीगच्या अध्यक्षाची छापील स्वाक्षरी असे. अमेरिकन लीगचे विल्यम हॅरिज १९३१ ते १९५९ या काळात, नॅशनल लीगचे फोर्ड फ्रिक १९३४ ते १९५१ या काळात आणि त्यांच्यानंतर वॉरन जाइल्स १९६९ पर्यंत अध्यक्ष होते. रूथ यांचे निधन १६ ऑगस्ट १९४८ रोजी झाले. म्हणजे जाइल्स यांचे नाव असलेल्या चेंडूवर रूथ यांची स्वाक्षरी असेल तर ती खोटी आहे, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

१९१९ च्या लाचप्रकरणात अडकलेले ‘शूलेस’ जो जॅक्सन यांच्याबाबत दक्षता आणखी वाढवावी लागते. ते जेमतेम सही करू शकत आणि बहुतेक वेळा त्यांच्या पत्नी केटी त्यांच्या वतीने सही करत. म्हणून सफाईदार वळणाची ‘जॅक्सन यांची स्वाक्षरी’ समोर आली की आधी संशयच घ्यावा. अनेक संघांत तारांकित खेळाडूंच्या सह्या ड्रेसिंग रूममधील मदतनीस करून देत, तेव्हा सर्व नावे एकाच हाताची वाटणारा संघाचा चेंडूही बारकाईने तपासावा.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस एफबीआय या अमेरिकी तपास संस्थेने ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम चालवून बनावट क्रीडास्वाक्षऱ्यांचे मोठे जाळे उघड केले. सॅन डिएगो पॅड्रेजचे खेळाडू टोनी ग्विन यांना तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाच्या खोट्या सह्या आढळल्या होत्या. त्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची प्रमाणीकरण योजना सुरू केली. सामन्याच्या वेळी प्रमाणक मैदानात हजर असतो, तो वस्तू डोळ्यांसमोर वापरली गेल्याचे पाहतो आणि तिच्यावर क्रमांकाचा होलोग्राम लावतो. आजच्या काळातील वस्तू घ्यायची असेल तर या होलोग्रामशिवाय घेऊ नये.

स्वतः स्वाक्षरी घेण्याची संधी मिळाली तर निळ्या शाईचे बॉलपेन द्यावे. मार्करची शाई चेंडूच्या चामड्यात पसरते आणि काही वर्षांत अक्षरांच्या कडा धूसर होतात.

खेळाडूने प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूची खात्री कशी पटते?

आज सर्वांत वजनदार पुरावा छायाचित्राचा मानला जातो. १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधील ज्या सामन्यात रूथ यांनी आधी बोट दाखवून मग होमरन (क्रिकेटमधील षटकारासारखा फटका) मारल्याची कथा सांगितली जाते, त्या सामन्यातील त्यांचा शर्ट ऑगस्ट २०२४ मध्ये २.४१२ कोटी डॉलरला विकला गेला. २००५ मध्ये त्याच शर्टाला ९ लाख ४० हजार डॉलर मिळाले होते. दरम्यान बाजार तर वाढलाच, पण त्या दिवसाच्या छायाचित्रांतील अक्षरांची शिवण आणि बटणांच्या पट्टीशी असलेले त्यांचे अंतर त्या शर्टाशी जुळवून पाहण्यात आले, याचाही किमतीत मोठा भाग आहे.

प्रेक्षकांत आलेला होमरनचा चेंडू कोणाचा?

ज्याच्या हाती आला त्याचा, असा रिवाज आहे. २००१ मध्ये बॅरी बाँड्स यांच्या त्या एका हंगामातील ७३ व्या होमरनच्या चेंडूवर दोन प्रेक्षकांनी हक्क सांगितला. एकाच्या हातमोज्यात तो क्षणभर विसावला आणि गर्दीने त्याला खाली पाडल्यावर दुसऱ्याला तो जमिनीवर मिळाला. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने चेंडू विकून पैसे निम्मे निम्मे वाटण्याचा आदेश दिला. २००३ मध्ये त्याचे ४ लाख ५० हजार डॉलर आले.

थोड्या पैशांत चांगला संग्रह उभा राहू शकतो का?

निश्चितच राहू शकतो, आणि माझ्या मते खरी गोडी तेथेच आहे. १९५० आणि १९६० च्या दशकातील सामान्य खेळाडूंची झिजलेली कार्डे आजही चार जणांच्या एका साध्या जेवणाहून कमी पैशांत मिळतात. एखादा संघ आणि एखादे वर्ष ठरवून त्यातील सर्व खेळाडू जमवावेत, म्हणजे शोधालाही मर्यादा आणि दिशा मिळते.

स्कोअरकार्डांकडे फार कमी लोक लक्ष देतात, याचे मला नेहमी नवल वाटते. मैदानात विकल्या जाणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेच्या मधल्या दोन पानांवर चौकटी असतात आणि प्रेक्षक पेन्सिलीने त्यांत सामना नोंदवत जातो. ६-४-३ असे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे आकडे दिसले की शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर आणि तेथून पहिल्या बेसवर दिला, एका चेंडूत दोघे बाद झाले, हे कळते. उलटा ‘के’ असेल तर फलंदाज बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर उभाच राहिला. बाजारात कोऱ्या पत्रिकेला पुष्कळदा अधिक भाव मिळतो, पण मी नेहमी भरलेली पत्रिका निवडतो. जुन्या वर्तमानपत्रातील बॉक्स स्कोअर शोधून तिच्याशी ताडून पाहिली की तारीख तर पक्की होतेच, शिवाय त्या अनोळखी प्रेक्षकाने कोणत्या डावात घाई केली आणि कोणत्या डावात पेन्सिल जोरात दाबली, हेही दिसते. तिकिटांचे अर्धुक घेणारेही वाढले आहेत, मात्र मोठ्या दिवसांची अर्धुके हाताबाहेर गेली आहेत. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन वर्णभेदाची भिंत ओलांडून मुख्य लीगमध्ये प्रथमच मैदानात उतरले, त्या सामन्याच्या एका अर्धुकाला २०२२ मध्ये ४ लाख ८० हजार डॉलर मिळाले.

मुंबई, कोकण, गोवा येथील पावसाळी हवेत हे सारे कसे टिकवावे?

कार्ड आणि पुस्तक या दोहोंसाठी साधारण ४५ ते ५० टक्के आर्द्रता योग्य असते. आपल्याकडे पावसाळ्यात ती याच्या खूप वर जाते. कागद ओल शोषतो, कार्ड धनुष्यासारखे वाकते, पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पांढुरकी बुरशी धरते आणि कसर बांधणीतील खळ खाऊ लागते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नये. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, त्या ओल्या झाल्या की बदलाव्यात आणि शेजारी आर्द्रता दाखवणारे छोटे मापक ठेवावे. पुस्तके कोरड्या, उघडीप असलेल्या दिवशी सावलीत पाने मोकळी करून ठेवावीत. थेट उन्हात ठेवल्यास वेष्टनाचा लाल रंग सर्वांत आधी उडतो.

घरगुती उपायांविषयी सावध राहावे. डांबर गोळ्यांच्या वाफेने कार्डांची काही प्लास्टिकची आवरणे मऊ आणि धूसर होतात. पानांत ठेवलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचे डाग कागदावर उतरतात. फोटोंच्या जुन्या अल्बमचे पीव्हीसी प्लास्टिक कालांतराने चिकट होते आणि शाई ओढून घेते, म्हणून पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पाकिटेच वापरावीत. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कागदपत्रे लॅमिनेट करून जपण्याची आपली सवय येथे घातक ठरते, कारण उष्णतेने चिकटलेले आवरण नंतर कार्डाला इजा न करता काढता येत नाही. फाटलेल्या वेष्टनाला चिकटपट्टी लावणेही तितकेच वाईट, कारण तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो.

अमेरिकेतून वस्तू मागवताना काय पाहावे?

विक्रेत्याकडून समोरची आणि मागची, दोन्ही बाजूंची स्पष्ट छायाचित्रे मागावीत. सीमाशुल्क लागू शकते हे गृहीत धरून एकूण खर्च आधीच काढावा आणि पार्सलवर खरी किंमत लिहायला सांगावे, कारण कमी किंमत दाखवलेले पार्सल हरवले तर भरपाईही तेवढीच मिळते. शक्य असल्यास पावसाळ्यात काहीही मागवू नये. येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकांबरोबर मागवायचे असेल तर कार्ड दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून ते हातातील सामानात आणायला सांगावे.

काहीही विकत न घेता हे सर्व कोठे पाहता येईल?

न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउन येथे १९३९ मध्ये उघडलेले हॉल ऑफ फेमचे संग्रहालय सर्वांना माहीत आहे. तेथील ग्रंथालयही अवश्य पाहावे. घरबसल्या पाहायचे असेल तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १८८७ ते १९१४ मधील सुमारे २,१०० कार्डे संगणकावर सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. खेळाडूच्या किंवा शहराच्या नावाने त्यांत शोध घेता येतो, आणि पुढची व मागची अशा दोन्ही बाजू मोठ्या करून पाहता येतात.

मला सर्वाधिक ओढ आहे ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधील जेफरसन बर्डिक यांच्या संग्रहाची. बर्डिक सिराक्यूज येथील कारखान्यात काम करणारे साधे गृहस्थ होते आणि त्यांना संधिवाताने ग्रासले होते. अमेरिकेतील छापील कार्डांची सूची त्यांनीच तयार केली. टी२०६ हे नावही त्या सूचीतूनच आले, त्यातील ‘टी’ म्हणजे तंबाखू. तीन लाखांहून अधिक छापील वस्तू त्यांनी संग्रहालयाला दिल्या, त्यांत बेसबॉलची सुमारे ३०,००० कार्डे आहेत. बोटे वाकडी झालेली असतानाही ते संग्रहालयात बसून ती स्वतःच्या हाताने अल्बमांत चिकटवत राहिले. १९६३ च्या जानेवारीत काम पूर्ण झाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. कार्डाला डिंक लावणे आजच्या संग्राहकाला महापाप वाटते, पण त्या अल्बमांमुळे कार्डे एकत्र राहिली. त्यांत वॅग्नर यांचेही कार्ड आहे. प्रदर्शनात मांडलेली कार्डे वेळोवेळी बदलली जातात, म्हणून जाण्यापूर्वी त्या आठवड्यात कोणता भाग पाहायला मिळेल याची संग्रहालयाकडे चौकशी करावी.